आर्थिक संकटात नवोन्मेष धोरण कसे आखावे: राष्ट्रीय आणि प्रादेशिक यंत्रणांसाठी

मंदी आली की सरकारचा महसूल आटतो, मदतीच्या मागण्या वाढतात आणि अर्थसंकल्पाला कात्री कुठे लावायची, या प्रश्नाचा निकाल घाईघाईने लावावा लागतो. संशोधन आणि नवोन्मेषावरील तरतूद अशा वेळी सर्वांत आधी कापली जाते, कारण ती कापल्याने त्या वर्षी कोणाचे फारसे अडत नाही. अडते ते पाच-सात वर्षांनी, आणि तोवर कात्री लावणारे आणि लावायला सांगणारे दोघेही बदललेले असतात. मंत्रालयात, प्रादेशिक विकास संस्थेत किंवा त्यांच्या सल्लागार मंडळावर काम करणाऱ्यांना संकटाच्या पहिल्या महिन्यांपासून सावरण्याच्या वर्षांपर्यंत कोणते निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावे लागतात, त्याची ही मांडणी आहे. तिच्या मुळाशी एकच विचार आहे: संकटात पैसा, यंत्रे आणि बाजारपेठ यांचे झालेले नुकसान पुढे भरून काढता येते, पण एकत्र काम करायला शिकलेला संशोधकांचा गट एकदा पांगला की तो तसाच पुन्हा उभा करता येत नाही.

आधी निदान

कारखान्यात काम कमी असते तेव्हा संशोधन करणे स्वस्त पडायला हवे, असा तर्क अर्थशास्त्रात फार पूर्वीपासून मांडला जातो. प्रत्यक्षात मात्र खासगी संशोधनाचा खर्च तेजीत वाढतो आणि मंदीत घटतो. कंपन्या हा खर्च मुख्यतः स्वतःच्या नफ्यातून करतात आणि नफा आटला की बाहेरून कर्ज मिळणे कठीण होते, कारण अर्धवट प्रयोग आणि अभियंत्यांच्या डोक्यातले ज्ञान बँक तारण म्हणून स्वीकारत नाही. २००८-०९ च्या वित्तीय संकटात औद्योगिक देशांमध्ये हेच घडले आणि त्याची सर्वाधिक झळ लहान व तरुण कंपन्यांना बसली.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की आपल्याकडे नेमके काय आटले आहे: कर्ज, मागणी, की एखाद्या उद्योगाचे भविष्यच? कर्ज आटले असेल तर हमी योजना आणि करपरतावा उपयोगी पडतात. मागणी आटली असेल तर कंपनीला स्वस्त कर्ज देऊन फारसे साधत नाही. तिला ग्राहक हवा असतो. आणि प्रदेशाचा मुख्य उद्योगच संपत आला असेल, तर त्याला मंदी समजून तात्पुरती मदत देत राहणे म्हणजे अपरिहार्य बदल लांबवत नेणे होय. ही तिन्ही दुखणी एकाच देशात, वेगवेगळ्या प्रदेशांत, एकाच वेळी असू शकतात. राष्ट्रीय सरासरीकडे पाहून आखलेले धोरण इथेच चुकते.

संशोधन खर्चाची अधिकृत आकडेवारी वर्ष-दीड वर्ष उशिराने येते, त्यामुळे तिच्यावर विसंबून चालत नाही. सामाजिक विमा किंवा वेतनकराच्या नोंदींतून संशोधन विभागातील नोकऱ्या, अनुदान योजनांकडे येणारे अर्ज आणि मागे घेतलेले प्रकल्प, तसेच नाकारली गेलेली कर्जे यांची दरमहा नोंद ठेवावी. त्याच्या जोडीला प्रदेशातील प्रमुख कंपन्यांच्या तांत्रिक प्रमुखांशी दर पंधरवड्याला बोलावे. कोणता गट कधी मोडणार आहे, हे त्यांना बरेच आधी ठाऊक असते.

माणसे टिकवा

संशोधन खर्चाचा मोठा भाग पगारावर जातो, त्यामुळे खर्चकपातीचा सरळ अर्थ माणसे कमी करणे असाच होतो. पहिल्या तीन महिन्यांत सर्व लक्ष इथे द्यावे.

जर्मनीतील अल्पकालीन काम योजना सर्वपरिचित आहे. कामाचे तास कमी करायचे, नोकरी टिकवायची आणि गेलेल्या वेतनाचा काही भाग सरकारने भरून द्यायचा, अशी तिची रचना असून २००९ मध्ये तिची कमाल मुदत २४ महिन्यांपर्यंत वाढवण्यात आली. मोकळ्या तासांतील प्रशिक्षणाचा खर्चही अंशतः उचलला गेला. ही योजना सर्वच कामगारांसाठी होती, पण उत्पादन सुधारण्याचे ज्ञान बऱ्याच वेळा कारखान्याच्या मजल्यावर असते, म्हणून नवोन्मेष धोरणाच्या दृष्टीनेही तिचे मोल मोठे आहे.

नेदरलँड्सने त्याच वर्षी अधिक नेमका उपाय योजला. कंपन्यांतील संशोधकांना तात्पुरते विद्यापीठांत आणि सार्वजनिक संशोधन संस्थांत पाठवण्यात आले, नोकरी मूळ कंपनीतच राहिली आणि वेतनाचा मोठा भार सरकारने उचलला. एकाच खर्चात तीन गोष्टी साधण्याचा हा प्रयत्न होता: गट टिकतो, कंपनीचा भार हलका होतो आणि विद्यापीठ व उद्योग यांच्यात एरवी महत्प्रयासाने जुळणारा संबंध तयार होतो. माझ्या मते संकटकाळातील उपायांत हा सर्वांत कमी अभ्यासला गेलेला आणि सर्वांत सहज उचलता येण्याजोगा उपाय आहे. तो करताना संशोधनाच्या फळांवर हक्क कोणाचा, हे पाठवणीच्या करारातच स्पष्ट लिहावे.

ज्या कंपन्यांना रोख पैशाची निकड आहे, त्यांच्यासाठी करसवलतीची रचना तपासावी. नफाच नसेल तर करातून वजावट मिळूनही हाती काही पडत नाही. फ्रान्समध्ये संशोधनावरील करसवलतीची न वापरलेली रक्कम परत मिळायला एरवी तीन वर्षे वाट पाहावी लागे. २००९ च्या संकटकालीन मदतीच्या पॅकेजमध्ये ती तत्काळ परत देण्याची सोय झाली. नवी योजना न आणता, दर न वाढवता, केवळ वेळापत्रक बदलून कंपन्यांच्या हाती रोकड पोहोचली. असा बदल सर्वांत आधी शोधावा.

याउलट, सवलतीच्या कर्जांवर फार भिस्त ठेवू नये. स्पेनच्या संशोधन अर्थसंकल्पाचा मोठा हिस्सा २००९ नंतरच्या दशकात कर्जरूपात होता. कागदावर तरतूद दिसे, पण कर्ज घेण्याच्या स्थितीत कोणी नसल्याने वर्षअखेर तिचा बराचसा भाग न वापरलेला राही. तरतुदीचा आकडा आणि प्रत्यक्ष पोहोचलेली रक्कम वेगवेगळी छापण्याची सवय मंत्रालयाने संकटात तरी लावून घ्यावी.

नवी संस्था उभारू नका, चालू यंत्रणा रुंद करा

संकटात नवी योजना जाहीर करण्याचा मोह राजकीय नेतृत्वाला आवरत नाही. पण नियमावली, अर्ज आणि मूल्यमापन समिती उभी राहीपर्यंत वर्ष निघून जाते. जर्मनीने २००९ च्या दुसऱ्या पॅकेजमध्ये लघु व मध्यम उद्योगांच्या संशोधनासाठी आधीच सुरू असलेल्या ‘झिम’ या योजनेतच दोन वर्षांसाठी ९० कोटी युरोंची भर घातली आणि तिची दारे थोड्या मोठ्या कंपन्यांनाही उघडली. नियम माहीत होते, अधिकारी अनुभवी होते आणि पैसा लवकर वाहू लागला. त्याच पॅकेजमधील जुनी मोटार मोडून नवी घेणाऱ्याला २,५०० युरो देणारी योजना मात्र अखेरीस ५०० कोटी युरोंपर्यंत पोहोचली. मागणी टिकवण्याचे काम तिने केले असेलही. पण उद्याची क्षमता घडवणारा खर्च आणि आजची विक्री वाचवणारा खर्च यांचे प्रमाण काय असावे, हा प्रश्न पॅकेज आखतानाच उघडपणे विचारायला हवा. नवोन्मेषाच्या नावाखाली मदतीचा पैसा मोजला जाऊ लागला, तर दोन्ही हेतू मार खातात.

अमेरिकेच्या २००९ च्या पुनरुज्जीवन कायद्यातून दोन धडे मिळतात. ऊर्जा संशोधनासाठीच्या ‘आर्पा-ई’ या संस्थेला २००७ मध्येच कायद्याने मान्यता मिळाली होती, पण तिला पैसा नव्हता. संकटाच्या पॅकेजमधून ४० कोटी डॉलर मिळाले आणि ती कामाला लागली. सुबत्तेच्या काळात तयार करून ठेवलेला आराखडा संकटात असा उपयोगी पडतो. दुसरा धडा सावधगिरीचा आहे. राष्ट्रीय आरोग्य संस्थांना नियमित तरतुदीखेरीज सुमारे १,०४० कोटी डॉलर दोन वर्षांत वापरण्यासाठी देण्यात आले. प्रयोगशाळांनी माणसे घेतली, आणि दोन वर्षांनी हा ओघ थांबताच त्या माणसांचे काय करायचे, हा पेच उभा राहिला. एकरकमी पैसा उपकरणे, सामायिक सुविधा, माहितीसाठे आणि ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांवर खर्च करावा; माणसांवर करायचा असेल तर तो चार-पाच वर्षांत उतरत्या क्रमाने वाटावा.

प्रदेशाने काय करावे

राष्ट्रीय आणि प्रादेशिक पातळीवरील कामाची वाटणी संकटापूर्वी झालेली नसेल, तर ती आता लेखी करावी. करसवलत, कर्जहमी, मूलभूत संशोधन आणि वेतनसहाय्य ही कामे राष्ट्रीय पातळीवर चांगली होतात, कारण त्यांना मोठा खिसा आणि एकसारखे नियम लागतात. कोणती कंपनी कोणत्या विद्यापीठाशी जोडावी, कोणत्या तंत्रज्ञांना कोणते नवे काम जमेल, बंद पडलेल्या कारखान्याची चाचणी प्रयोगशाळा कोणाच्या उपयोगी येईल, हे मात्र जवळून पाहणाऱ्यालाच कळते.

सर्वांत मोठी अडचण निधीच्या हिश्श्याची असते. केंद्राकडून येणारा पैसा बहुधा प्रदेशाने स्वतःचा वाटा घालण्याच्या अटीवर येतो आणि ज्या प्रदेशाला गरज सर्वाधिक, त्याच्याकडेच तो वाटा नसतो. परिणामी मदत सुस्थितीतील प्रदेशांकडे वाहते. युरोपीय संघाने २०११ मध्ये आर्थिक मदतीवर असलेल्या देशांसाठी प्रकल्पखर्चातील संघाचा हिस्सा कमाल ९५ टक्क्यांपर्यंत वाढवण्याची मुभा दिली, ती याच कारणाने. अशी शिथिलता नियमावलीत आधीच लिहून ठेवावी: बेरोजगारी किंवा महसूल ठरावीक मर्यादेपलीकडे बिघडला, की स्थानिक हिश्श्याची अट आपोआप खाली यावी.

पैसा कोणत्या क्षेत्रावर लावायचा, हा यापेक्षा कठीण निर्णय आहे. २०१४-२०२० च्या निधीसाठी युरोपीय संघाने प्रत्येक प्रदेशाकडून आपल्या बलस्थानांवर आधारित विशेषीकरणाचा आराखडा मागितला. कल्पना योग्य होती. तरी अनेक ठिकाणी त्या काळी चलनात असलेल्या त्याच क्षेत्रांची नावे आराखड्यात उतरली. हे टाळण्यासाठी क्षेत्राच्या नावाने सुरुवात न करता कौशल्यांपासून करावी. प्रदेशातील लोकांना आज काय करता येते, ते यादी करून पाहावे: अचूक धातुकाम, रेडिओ संकेत प्रक्रिया, गंजरोधक लेप, शीतसाखळी. मग तीच कौशल्ये आणखी कोणत्या उद्योगाला लागतात, ते शोधावे.

स्पेनमधील बास्क प्रदेशाने १९८० च्या दशकात, पोलाद आणि जहाजबांधणी कोसळत असताना आणि बेरोजगारी वीस टक्क्यांवर गेलेली असताना, साधारण हाच मार्ग धरला. १९७९ च्या स्वायत्ततेमुळे करवसुलीचा अधिकार प्रदेशाकडे आला होता. १९८१ मध्ये ‘स्प्री’ ही विकास संस्था स्थापन झाली, १९८५ मध्ये बिल्बाओजवळ झामुदिओ येथे तंत्रज्ञान उद्यान सुरू झाले आणि त्या खडतर वर्षांत उद्योगांसाठी काम करणाऱ्या तंत्रज्ञान केंद्रांना सातत्याने निधी मिळत राहिला. धातुकामाचे कौशल्य यंत्र-अवजारे, मोटारींचे सुटे भाग आणि पुढे विमानांच्या भागांकडे वळले. जुना उद्योग जसाच्या तसा वाचवण्याचा हट्ट त्यांनी धरला असता, तर तो उद्योगही वाचला नसता आणि हे कौशल्यही.

याच संदर्भात फिनलंडमधील औलू आणि सालो या दोन शहरांची तुलना बोलकी आहे. नोकियाच्या मोबाइल व्यवसायाच्या पडझडीचा फटका दोन्ही शहरांना बसला आणि दोन्हीकडे कामावरून कमी केलेल्यांना नवे काम शोधायला मदत करणारा कंपनीचा पुनर्स्थापन कार्यक्रम व सरकारी मदत पोहोचली. औलूमध्ये विद्यापीठ, सार्वजनिक संशोधन केंद्र आणि बिनतारी तंत्रज्ञानातील इतर कंपन्या असल्याने अभियंत्यांना दुसरी दारे सापडली. सालो मात्र प्रामुख्याने उत्पादनाचे ठिकाण होते आणि तिथला कारखाना बंद झाल्यावर सावरणे फार जड गेले. एकाच मोठ्या मालकावर विसंबलेल्या प्रदेशाने ही तुलना संकट येण्यापूर्वीच समोर ठेवून आपले संशोधनाचे दुसरे, तिसरे केंद्र उभे करावे.

मोजमाप आणि मुदत

प्रत्येक योजनेच्या आदेशातच तिचा शेवट आणि मोजमापाची पद्धत लिहावी. नेदरलँड्सने २००४ मध्ये लघुउद्योगांना संशोधन संस्थेकडून काम करून घेण्यासाठी ७,५०० युरोंची अधिपत्रे (व्हाउचर) दिली. अर्ज जास्त आल्याने ती सोडतीने वाटली गेली, त्यामुळे मिळालेल्या आणि न मिळालेल्या कंपन्यांची निष्पक्ष तुलना शक्य झाली. दहापैकी आठ अधिपत्रांतून असे काम झाले, जे एरवी झालेच नसते, असे त्या तुलनेतून दिसले. संकटात पैसा अपुरा आणि अर्ज भरमसाट असतात, तेव्हा पात्र अर्जांमध्ये सोडत काढणे न्याय्यही ठरते आणि पुढच्या निर्णयासाठी भक्कम पुरावाही हाती येतो.

तात्पुरत्या योजनांना मुदत असावी, पण मूळ तरतुदीचा आधार दीर्घ मुदतीचा हवा. १९९० च्या दशकाच्या आरंभी फिनलंडचे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे दहा टक्क्यांनी घसरले, तरीही संशोधनाचा सार्वजनिक निधी जपला गेला. १९९६ मध्ये सरकारी कंपन्यांतील हिस्सा विकून आलेला पैसा संशोधनाकडे वळवण्याचा निर्णय झाला आणि दशक संपेपर्यंत संशोधन खर्च उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवरून तीन टक्क्यांच्या वर गेला. २००९ नंतर त्याच देशात कपात सुरू झाली आणि हे प्रमाण सुमारे ३.७ टक्क्यांवरून २०१६ पर्यंत २.७ टक्क्यांच्या आसपास आले. खासगी क्षेत्राची माघार हे त्यातले मोठे कारण होते, पण सरकारने ती भरून काढण्याऐवजी स्वतःही हात आखडता घेतला. त्यानंतर फिनलंडच्या संसदेतील पक्षांनी एकत्र येऊन २०३० पर्यंत चार टक्क्यांचे लक्ष्य ठेवणारा, सरकारी वाटा वर्षागणिक वाढवण्याची सक्ती करणारा कायदा केला आणि तो २०२३ पासून लागू झाला. असा कायदा करताना मसुद्यात तीन कलमे आवर्जून असावीत: वार्षिक वाढीचे सूत्र, कपात करायची झाल्यास संसदेत कारणे देण्याचे बंधन, आणि संकटाच्या वर्षी प्रदेशांना मिळणारा किमान वाटा.