घरातली वीज नेमकी जाते कुठे? मीटर, बादली आणि बॅटरीचा हिशोब कसा करायचा

वीजबिल जास्त आलं की घरात पहिला ओरडा बसतो तो मोबाईल चार्जिंगला लावून झोपणाऱ्याला. आता हिशोबच करायचा तर ५००० एमएएचचा मोबाईल शून्यापासून फुल करायला प्लगमधून साधारण २५ वॅट-तास लागतात, म्हणजे एका युनिटमध्ये ४० वेळा फुल होतो, रोज एकदा केला तरी वर्षाला नऊ युनिटच्या आसपास. आणि ओरडणारे बाबा मात्र गीझर चालू करून निवांत पेपर वाचत बसलेले असतात.

तर अंदाज बाजूला ठेवून एकदा मोजूनच काढायचं. मोबाईलमधलं स्टॉपवॉच, कॅल्क्युलेटर, शेवटचं वीजबिल आणि एखादा रविवार एवढं पुरतं.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. वॅट म्हणजे वीज किती वेगाने खर्च होतेय ते, आणि युनिट म्हणजे एकूण किती खर्च झाली ते. १००० वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट, शाळेतल्या ज्यूलमध्ये सांगायचं तर ३६ लाख ज्यूल. मिक्सर ७५० वॅटचा असला तरी चटणी दोन मिनिटांत होते, म्हणजे तो हिशोबातही धरू नका, उलट साधा पंखा ७५ वॅटचाच पण बारा तास फिरला की जवळपास एक युनिट खाऊन बसतो. वॅट गुणिले तास, दोन्ही बघायचं.

मीटरचा लाल दिवा मोजा

मीटरवर एक बारका लाल लाईट लुकलुकत असतो आणि त्याच्या जवळपास '३२०० इम्पल्स प्रति युनिट' अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं असतं. आकडा १६०० किंवा ६४०० पण असू शकतो, तुमच्या मीटरवर असेल तो घ्या. ३२०० असेल तर ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं.

आता घरातलं सगळं बंद करा, फ्रीजसकट, आणि एकच वस्तू चालू ठेवा. बिल्डिंगमध्ये राहत असाल तर मीटर खाली जिन्याजवळ असतो, त्यामुळे वर एकाला फोनवर ठेवा आणि तुम्ही खाली उभे राहा. (शेजारचे विचारतील काय चाललंय, सांगा सर्व्हे आहे.) दोन लुकलुकण्यांमध्ये किती सेकंद जातात ते मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, वॅट आले. १५ सेकंदांनी एकदा लुकलुकला म्हणजे ७५ वॅट, साधा पंखा. साधारण सेकंदाला एक म्हणजे ११०० वॅटच्या पुढे, इस्त्री चालू असणार. मीटरचा आकडा ३२०० नसेल तर आधी ३६ लाखांना त्या आकड्याने भागा आणि ११२५ च्या जागी ते उत्तर वापरा. मीटरला, सीलला हात लावायचा नाही, फक्त बघायचं.

सगळ्यात मजेशीर मोजणी म्हणजे 'सगळं बंद' असतानाची. मेन स्विच चालू, पण बटणं सगळी बंद, आणि तरी लाईट लुकलुकतोय? मग कुठेतरी सेट-टॉप बॉक्स, राउटर, इन्व्हर्टर किंवा रिमोटने बंद केलेला टीव्ही खातोय. दीड मिनिटाने एकदा लुकलुकला तर साधारण १२ वॅट, चोवीस तास चालू म्हणजे महिन्याला नऊ युनिट. फार नाही, पण मोबाईलच्या वर्षभराएवढं हे एका महिन्यात जातं. मेन बंद करूनसुद्धा लुकलुकत असेल तर मात्र वायरमनला बोलवा, वायरिंगमध्ये गडबड आहे.

फ्रीज असा मोजता येत नाही कारण कॉम्प्रेसर मधेच सुरू होतो मधेच बंद. त्याच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, त्याला ३६५ ने भागा.

आता बादली मोजा

खरा खेळ इथे आहे. पाणी तापवायला किती युनिट लागतात त्याचं सोपं सूत्र: लिटर गुणिले किती डिग्री वाढवायचंय ते, भागिले ८६०. पुणे-नाशिककडे थंडीत टाकीतलं पाणी १८ डिग्री धरा, अंघोळीला ४२ पुरे, म्हणजे २४ डिग्री वाढवायचं. १८ लिटरची बादली. १८ गुणिले २४ भागिले ८६०, अर्धा युनिट. चार माणसं, चार बादल्या, रोज दोन युनिट, महिन्याला ६०. चार जणांचे चार मोबाईल महिन्याला तीन युनिट खातात. शॉवर घेणाऱ्यांनी लिटर आपापले धरावेत, आकडा बघून नंतर मला शिव्या देऊ नका.

याच्या शेजारी सोसायटीचा पंप ठेवून बघा. १००० लिटर पाणी १५ मीटर वर, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या टाकीत चढवायला निव्वळ ०.०४ युनिट लागतं, पंपाची नासाडी धरून तिप्पट करा, ०.१२. एक बादली गरम करायला अर्धा युनिट आणि तब्बल १००० लिटर गच्चीवर न्यायला त्याच्या पाव भाग! वस्तू हलवणं स्वस्त, तापवणं महाग, हे एकदा कळलं की घरातल्या याद्या आपोआप लागतात. गीझर, इस्त्री, ओव्हन, इंडक्शन, वॉशिंग मशीनचा हॉट वॉश, हे सगळे वरच्या नंबरात, आणि लाईट, टीव्ही, लॅपटॉप, चार्जर खाली.

विजेने पाणी तापवणं मला तरी मुळातच विचित्र वाटतं. चंद्रपूरला कोळसा जाळून पाणी उकळायचं, त्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं, हे करताना कोळशातली साधारण दोन तृतीयांश उष्णता कूलिंग टॉवर आणि चिमणीतून वाऱ्यावर सोडायची, उरलेल्याची वीज करून तारांमधून शेकडो किलोमीटर आणायची, वाटेत थोडी सांडायची, आणि ठाण्यात कुणीतरी तिने परत पाणीच तापवायचं. ऊर्जा नष्ट होत नाही हे खरं, पण कुठे आणि कोणत्या रूपात पडून राहिली तर आपल्या कामाची, हा वेगळा प्रश्न. त्यापेक्षा गच्चीवर ऊन थेट पाण्यात पकडणारा सोलर वॉटर हीटर बरा. पुण्यासारख्या काही महापालिका त्यासाठी मिळकतकरात सूट पण देतात. तो शक्य नसेल तर निदान गीझर अंघोळीच्या आधी १५-२० मिनिटं लावा. १५ लिटरचा २००० वॅटचा गीझर २५ पासून ६० डिग्रीपर्यंत जायला १८ मिनिटं घेतो आणि ०.६ युनिट खातो, नंतर तासभर चालू ठेवलात तर तो फक्त स्वतःची टाकी गरम राखत बसतो. गॅस गीझर लावणार असाल तर बाथरूमला बाहेर हवा जायची कायमची वाट हवीच, बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साईडने माणसं गेलेली आहेत, तिथे काटकसर नको.

एसीचं गणित उलटं चालतं. तो थंडी तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकतो, आणि एक युनिट वीज घेऊन तीन युनिटहून जास्त उष्णता बाहेर नेतो. त्यामुळे बाहेरचा युनिट कोंदट डक्टमध्ये लावला की तो स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो आणि बिल वाढतं. २४ वर ठेवा, पंखा हळू चालू ठेवा, विषय संपला.

गॅस की इंडक्शन

या वादात कुणी हिशोब मांडत नाही, नुसते भांडतात. १४.२ किलोच्या सिलेंडरमध्ये साधारण १८० युनिटएवढी ऊर्जा असते. चांगल्या शेगडीवर त्यातली ६८ टक्क्यांच्या आसपास भांड्यात जाते, म्हणजे १२० युनिटच्या जवळपास. इंडक्शनवर ८५ टक्के जातं असं धरलं तर तेवढ्याच स्वयंपाकाला १४५ युनिट लागतील. आता तुमच्या बिलातला शेवटच्या युनिटचा दर घ्या, १४५ ने गुणा आणि सिलेंडरच्या भावाशी ताडून बघा. शेवटच्या युनिटचा दर म्हणतोय कारण महावितरणच्या घरगुती बिलात १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे असतात आणि इंडक्शनचे युनिट वरच्या टप्प्यात जाऊन पडतात. नुसता वीज आकार धरू नका, वहन आकार (वीज तारांमधून आणून देण्याचा) आणि वर वीज शुल्कही लागतं. आपल्याकडे बऱ्याच घरांत हा आकडा सिलेंडरच्या वर जातो.

शेगडी कोणतीही असो, झाकण ठेवा. एक लिटर पाणी २५ पासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते त्याच्या सातपट ते पाणी सगळं वाफ करून घालवायला लागते. डाळ खदखदा उकळली म्हणून लवकर शिजत नाही, उघड्या भांड्यात पाणी १०० डिग्रीच्या वर जातच नाही, जास्तीचा गॅस नुसता वाफेत जातो. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १२० डिग्रीच्या आसपास पोचतं, तिथे खरा वेळ वाचतो. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, आईचं ते बरोबरच होतं.

इन्व्हर्टरची बॅटरी किती वेळ चालेल

दुकानदार '१५० एएच, आरामात आठ तास' म्हणतो, एएच म्हणजे ॲम्पिअर-तास. त्याच्यासमोरच हिशोब करा. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास, दोन युनिटसुद्धा नाही. लोड मांडा: दोन पंखे १५०, चार एलईडी ४०, टीव्ही ६०, राउटर १०, एकूण २६० वॅट. कागदावर सात तास येतात. पण ते १५० एएच वीस तास हळूहळू उपसली तर मिळतात, भराभर उपसली तर लेड-ॲसिड बॅटरी कमी देते, शिवाय डीसीचं एसी करताना इन्व्हर्टर स्वतःचा वाटा खातो. दोन्ही धरून नव्या बॅटरीवर साडेचार तास मिळतील, जुनी असेल तर देवाचं नाव घ्या.

मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलून बघा. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० वॅटच्या आसपास घेतो, दोन पंख्यांचे १५० चे ६० झाले, लोड १७० वर आला, तीच बॅटरी सात तासांच्या आसपास जाते, आणि रोजच्या बिलातही फरक पडतो, बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट.

बॅटरीत १८०० वॅट-तास भरायला लाईनमधून त्याहून बरेच जास्त घ्यावे लागतात, साठवण फुकट कधीच होत नसते. मोठ्या प्रमाणावरही तेच. सह्याद्रीत घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे, तिथे विजेची मागणी कमी असताना खालच्या धरणातलं पाणी पंपाने वरच्या धरणात चढवतात आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करतात, म्हणजे सोसायटीचीच टाकी, फक्त डोंगराएवढी. चढवायला लागते त्यापेक्षा उतरताना कमीच मिळते, पण संध्याकाळी सातला मिळते, तिची किंमत आहे. तुमच्याकडे नवीन टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते वेगळं नोंदवणारा) बसला असेल तर बिलात दिवसाच्या वापराची सवलत दिसते का ते बघा, दिसत असेल तर वॉशिंग मशीन आणि इस्त्री दुपारीच उरका.

सगळ्यात शेवटी सोलर

शेवटी अशासाठी की आधी वापर कमी केला तर पॅनलही कमी लागतात. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्याची सरासरी काढा. समजा महिन्याला २४० युनिट, म्हणजे रोज आठ. महाराष्ट्रात एक किलोवॅटचे पॅनल वर्षाची सरासरी काढली तर रोज चार युनिटच्या आसपास देतात, पावसाळ्यात पडतं, मार्च-एप्रिलमध्ये चढतं. म्हणजे दोन किलोवॅट, जागा साधारण २०० चौरस फूट. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्यावर ७८,००० अनुदान ठरलं, अर्ज करताना पोर्टलवर चालू आकडा बघून घ्या.

एक गोष्ट विक्रेते न विचारता सांगत नाहीत. बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं सोलर, लाईट गेली की तुमच्या घरालाही वीज देत नाही, भर दुपारी रणरणतं ऊन असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच बंद पडतो. लाईट गेल्यावरही चालायला हवं असेल तर बॅटरीवालं हायब्रिड मागा, खर्च वाढेल आणि वर केलेला बॅटरीचा हिशोब परत करावा लागेल.

कोटेशन घेण्याआधी गच्चीवर जाऊन सावली बघा, शक्यतो डिसेंबरात, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे खाली असतो आणि सावल्या सगळ्यात लांब पडतात. सकाळी नऊला, बाराला आणि दुपारी साडेतीनला टाकीची, जिन्याच्या खोलीची, शेजारच्या टॉवरची सावली कुठपर्यंत येते ते खडूने मारून ठेवा. पॅनल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एकावर टाकीची सावली आली तरी अख्ख्या रांगेचं उत्पादन पडू शकतं. पॅनलचं तोंड दक्षिणेला, खडूच्या रेषांच्या बाहेर. इन्स्टॉलरचा माणूस मोजमाप घ्यायला येईल तेव्हा त्याला आधी त्या रेषा दाखवा, मग त्याचं बोलणं ऐका.