जत्रेतली मोटार, जग बुडाल्यानंतरची

जग बुडाल्यानंतरच्या टोळ्यांचा खेळ खेळायला आम्ही खेळण्यातल्या मोटारी गंजलेल्या, बंदुका लावलेल्या करतोय. माझी पहिली गाडी गाजरासारखी दिसत होती. गंज म्हणजे केशरी एवढंच डोक्यात, सगळ्या गाडीला फासून ठेवला. दोस्तानं बघितली, काही बोलला नाही, मला ऑटोनगरला नेलं आणि एका गॅरेजच्या मागं कैक पावसाळे उभा असलेला टेम्पो दाखवला. "बघ की, गंज खुट्टं आलाय?" म्हणाला. छत बऱ्यापैकी शाबूत, पण दाराची खालची कड खाल्लेली, चाकावरची कमान खाल्लेली, काचेच्या रबराखालनं तांबडे ओघळ आलेले. पाणी जिथं थांबतंय तिथं गंज. बेळगावच्या पावसात राहून हे मला दुसऱ्यानं दाखवावं लागलं.

तर आधी गाडी. मॅचबॉक्स-हॉटव्हील्सच्या मापाची, म्हणजे साधारण 1:64 ची (खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याची) घ्या, जत्रेतली स्वस्तातली पण चालतीय, फक्त अंग धातूचं असलं तर बरं. या मापाला खेळातली 20 मिमी उंचीची माणसं शोभतात. 28 मिमीची असतील तर 1:43 च्या आसपासची मोठी गाडी बघा, नाहीतर ड्रायव्हर गाडीपेक्षा मोठा दिसतोय.

गाडी उलटी करा, बुडाला दोन रिव्हेट दिसतील. मधोमध पंचनं खळगा पाडायचा, आधी 2 मिमीचं ड्रिल, मग 4 मिमीचं, हळूहळू, रिव्हेटचं डोकं सुटलं की थांबायचं. गाडी वाइसमध्ये (आवळून धरायच्या शिकंज्यात) कापड गुंडाळून धरा, हातात धरून ड्रिल मारू नका, आणि चष्मा लावा. काच, सीट, चाकं सगळं वेगळं काढून डबीत ठेवा.

जुना रंग काढायलाच पाहिजे असं काही नाही, पॉलिश पेपरनं घासला तरी प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा थर, धरतंय. काढायचाच असेल तर कॉस्टिक सोड्यात टाकू नका, या गाड्यांचा धातू जस्ताचा असतोय, सोडा तो खातो. आणि थिनरमध्ये प्लास्टिकचे भाग गेले तर गेलेच.

आता खरी मजा. चहाची जुनी गाळणी कापली की खिडकीची जाळी झाली, कानात घालायच्या बड्सची कांडी म्हणजे सायलेन्सर, संपलेली रिफिल म्हणजे मशीनगनची नळी, आइस्क्रीमच्या काड्या म्हणजे फळ्या, फटी बुजवायला एम-सील. उद्यमबागेत कोण पावणा लेथवर असेल तर त्याच्याकडनं लोखंडाची बर, म्हणजे लेथवर निघणारी वेटोळी साल, मागून घ्या, गुंडाळी केली की काटेरी तार दिसतीय, फक्त ती पात्यासारखी कापते आणि तेलकट असतीय म्हणून साबणानं धुवून चिमट्यानंच धरा. सगळंच एका गाडीवर चढवू नका मात्र, ही गाडी काय करते ते आधी ठरवा. पाणी चोरणाऱ्याच्या गाडीला टाकी पाहिजे, सहा बंदुका कशाला?

काचेजवळ सुपरग्लू लावू नका. वाफेनं काच पांढरी होतीय, माझ्या दोन गेल्या. तिथं फेविकॉल.

स्प्रे प्राइमर उघडीप बघून मारा, भर पावसाळ्यात मारला की खडूसारखा पांढुरका बसतोय. त्यावर सगळीकडं गडद तपकिरी. वाळला की पाणी थांबतंय त्या जागा ओल्या करायच्या, म्हणजे दाराच्या कडा, कमानी, बॉनेटची कड, आणि तिथं जाडं मीठ चिमटीनं टाकायचं. मीठ वाळून चिकटलं की वरनं गाडीचा रंग, पिवळा म्हणा, निळा म्हणा, पातळ थरात. रंग वाळला की जुन्या टूथब्रशनं मीठ खरवडा. खडे निघतात आणि खालचा तपकिरी दिसतोय, अगदी पोपडे गेल्यासारखा, वेडावाकडा, ब्रशनं असला काढताच येत नाही. मग केशरी घ्या, पण कणभर, पोपड्याच्या मधोमध आणि खाली एक बारीक ओघळ. शेवटी काळ्या-तपकिरी रंगाचं पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, सगळ्या खाचांत सोडायचं.

धूळ विकत घेऊ नका. खानापूरकडची तांबडी माती तव्यावर भाजून चहाच्या गाळणीतनं चाळा, पातळ फेविकॉलमध्ये कालवून चाकाच्या वर आणि बुडाला थापा. गाडी अथणीकडची दाखवायची असेल तर काळी माती.

चाकं बसवून, बूड चिकटवून, नंबरप्लेट लिहा. माझ्या टोळीला केए 22, कोल्हापूरचा दोस्त येतोय त्याच्या गाड्यांना एमएच 09. सगळ्यात मोठी गाडी म्हणजे खेळण्यातला ट्रॅक्टर आणि मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, उसाच्या जागी डिझेलचे डबे. मधी चपलांच्या खोक्याचा कोगनोळी टोल नाका ठेवलाय, त्याचा दांडा आइस्क्रीमच्या काडीचा आहे आणि दर खेळाला तोच आधी मोडतोय.