सुंता न करता कातडी मोकळी करायचं छोटं ऑपरेशन

लिंगाच्या टोकावरची कातडी मागे जात नाही म्हणून डॉक्टरकडे गेलं की बऱ्याचदा थेट सुंताच सुचवतात, आपण पण लाजेपायी जास्त काही विचारत नाही आणि हो म्हणून येतो. पण त्याच्या आधी दोन पायऱ्या आहेत. (लहान मुलांचं वेगळं, त्यांची कातडी कित्येक वर्षं चिकटलेली असणं नॉर्मल आहे, अंघोळ घालताना जोर लावून मागे ओढू नका.)

पहिलं मलम. डॉक्टर बहुतेक बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड क्रीम देतात, जिथे आवळतं त्या रिंगवर दिवसातून २ वेळा, ४ ते ८ आठवडे, आणि सोबत रोज थोडी थोडी कातडी मागे घ्यायची, दुखलं की थांबायचं. बऱ्याच जणांचं एवढ्यावरच भागतं. मोठेपणी अचानक आवळायला लागली, चिरा पडतायत, तर आधी शुगर तपासा.

मलमाने नाही जमलं तर प्रेप्युशिओप्लास्टीबद्दल युरोलॉजिस्टला स्वतःहून विचारा. यात कातडी कापून काढत नाहीत, आवळलेल्या रिंगवर उभा छेद देतात आणि तोच आडवा शिवतात, त्याने घेर वाढतो, बस. बहुतेक त्याच दिवशी घरी. फक्त कातडी पांढरी, कडक झाली असेल तर लायकन स्क्लेरोसस (कातडीचा एक आजार) असू शकतो, मग हे ऑपरेशन सहसा टिकत नाही आणि सुंताच बरी पडते, तिथे हट्ट करू नका.

खरं काम नंतर आहे. सूज येतेच, घाबरू नका. डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून कोमट पाण्यात रोज कातडी मागेपुढे करायची, भीती वाटते म्हणून टाळलं की जखम आवळूनच भरते आणि सगळं परत जैसे थे. टाके विरघळणारे असतात, २-३ आठवड्यांत गळतात, ओढत बसू नका. सेक्स, हस्तमैथुन साधारण ४ ते ६ आठवडे बंद. रात्री ताठरतेने टाके ताणून जाग येते, तेव्हा उठून लघवीला जाऊन या, बरं वाटतं.

आणि मागे घेतलेली कातडी दर वेळी पुढे आणायचीच. मागेच राहून सुजली आणि पुढे येईना तर सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.