मदतीसाठी संगीत नाटक: हौशी गटाने प्रयोग कसा उभा करावा

मदतनिधीसाठी संगीत नाटक करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत वाद सुरू होतो तो नायिका कोण करणार यावर. तो वाद पुढच्या बैठकीला ठेवा आणि आधी एक कोरा कागद घ्या.

तीन महिने आधी: कागदावरचा प्रयोग

समजा, नाट्यगृह ६०० आसनांचं आहे, तिकीट २०० रुपये ठेवलं आणि ३६० तिकिटं खपली. हौशी गटाच्या मानाने हा आकडा वाईट नाही. गल्ला झाला ७२,०००. आता त्याच्याखाली लिहीत जा: भाडं, ध्वनी, प्रकाश, साथीदारांचं मानधन, कपडेपट, नेपथ्याचा टेम्पो, तालमीचा चहा. बेरीज ६५,००० सहज होते. ज्या संस्थेसाठी हा सगळा खटाटोप, तिच्या हातात पडणार ७,०००. वीस माणसांनी तीन महिने राबून! एवढे पैसे एका रविवारी दारोदार वर्गणी मागून जमले असते.

म्हणून पहिल्या दिवसापासून दोन खिसे वेगळे ठेवा. तिकिटाचा पैसा सगळा निधीचा. खर्चाचा पैसा दुसऱ्या वाटेने आणायचा: स्मरणिकेतल्या जाहिराती, एखादा प्रायोजक, सभासदांची वर्गणी. जाहिरातींची वचनं खर्चाच्या निम्म्यापर्यंत आल्याशिवाय नाट्यगृहाची अनामत भरू नका. हे जमलं की तिकीट विकताना ‘तुमचा रुपयान् रुपया संस्थेला जातो’ असं बिनदिक्कत सांगता येतं, आणि या एका वाक्यावर तिकिटं खपतात. आमच्या पहिल्या प्रयोगात आम्ही हे केलं नव्हतं. टाळ्या भरपूर मिळाल्या, पण संस्थेला द्यायचा धनादेश लिहिताना खजिनदाराची मान वर होईना.

खर्च वाटून घ्यायचा असेल तर दुसऱ्या गटाशी हातमिळवणी करा. एकाकडे गाणारे असतात, दुसऱ्याकडे लेव्हल (रंगमंचावर ठेवायचे लाकडी चौथरे) आणि पडदे. आपल्या रंगभूमीला हे नवीन नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग, ‘संयुक्त मानापमान’, झाला, तेव्हा एकमेकांशी चढाओढ असलेल्या दोन कंपन्यांचे बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर उभे राहिले होते. त्यांना जमलं, तर शेजारच्या दोन वसाहतींना जमायला हरकत नाही.

नाटक निवडताना हक्क तपासा

‘आपण चांगल्या कामासाठी करतोय, परवानगी कशाला?’ हे वाक्य प्रत्येक गटात कुणीतरी म्हणतंच. कायदा असं म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळींना सवलत आहे, पण ती प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या प्रयोगाला किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केलेल्या प्रयोगाला. तिकीट लावून वाचनालयासाठी किंवा दवाखान्यासाठी प्रयोग केलात, तर ही सवलत लागू होत नाही.

लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, देवल १९१६ मध्ये, गडकरी १९१९ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये. या चौघांच्या संहिता मोकळ्या आहेत. मात्र संगीत नाटकात एक मेख असते: चाल देणाऱ्याचा हक्क वेगळा. ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, ते १९५५ मध्ये गेले, तेव्हा तिथेही अडचण नाही. जितेंद्र अभिषेकींचं निधन १९९८ चं. त्यांच्या चालींसाठी आणि साठच्या दशकापासूनच्या बहुतेक संगीत नाटकांसाठी लेखक-संगीतकारांच्या वारसांकडून लेखी परवानगी घ्यावी लागते. पत्र नम्र लिहा, हेतू आणि प्रयोगांची संख्या स्पष्ट सांगा. मदतनिधी म्हटल्यावर मानधन कमी करणारे किंवा सोडून देणारेही भेटतात, पण ते त्यांनी सोडायचं असतं, आपण गृहीत धरायचं नसतं.

जुनं नाटक घेतलंत तर कात्री लावावीच लागेल. पूर्वीचे प्रयोग रात्रभर रंगायचे. तुमच्या हातात नाट्यगृहाचं एक सत्र आहे. पदं निवडताना ‘हे लोकप्रिय आहे का’ एवढंच विचारू नका. हे गाणारा आपल्याकडे आहे का, आणि हे काढलं तर गोष्ट अडते का, हेही विचारा. बारा-चौदा पदं नीट गायलेली बरी.

संहिता पक्की झाली की रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, पाठवा. महाराष्ट्रात प्रयोगाआधी त्यांचं प्रमाणपत्र लागतं. हे काम शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका. ज्या संस्थेसाठी प्रयोग आहे तिचं संमतिपत्रही याच वेळी घ्या. तिचं नाव फलकावर छापण्याआधी.

दहा आठवडे आधी: आवाज आणि पट्टी

पात्रनिवड करताना संवाद नंतर ऐका, गाणं आधी ऐका. आणि गाणं बसून ऐकू नका. माणसाला चालत, वळत, हातात काहीतरी धरून एक कडवं म्हणायला लावा. मैफलीत सुरेख गाणारी मंडळी उभी राहिली की श्वास हरवून बसतात.

मग पट्टी, म्हणजे गाणारा पेटीच्या कुठल्या स्वराला ‘सा’ धरतो ते. पुरुष साधारण काळी एक-पांढरी दोनच्या (पेटीच्या पट्ट्यांच्या) आसपास गातात, स्त्रिया काळी चार-काळी पाचच्या. एकट्याच्या पदाला ज्याची त्याची पट्टी देता येते. खरी पंचाईत युगुलगीतात होते. दोघांपैकी एकाला घुसमटावं लागतं किंवा ओरडावं लागतं. मधली पट्टी शोधा, नाहीतर ओळी अशा वाटा की खालची जागा एकाला आणि वरची दुसऱ्याला येईल. ठरलेली पट्टी संहितेत त्या पदाच्या डोक्यावर लाल शाईने लिहा. प्रयोगात ऑर्गनवाल्याने चुकीचा षड्ज धरला तर नायक बिचारा काय करणार?

ऑर्गन आणि तबला हे दोन साथीदार मुरलेले हवेत, इथे काटकसर करू नका. नट हौशी असले, त्यांना नाईट (प्रयोगामागे मिळणारे पैसे) नसली, तरी साथीदारांना मानधन द्या. त्यांनी किमान चार तालमींना यायला हवं. फोनवर ध्वनिमुद्रण पाठवून तालीम होत नाही.

पहिले तीन आठवडे फक्त पदं. नंतर वाचन, मग हालचाली. उलट क्रमाने गेलात तर नट सुरांकडे लक्ष देताना जागा विसरतो. पदातला अभिनय हा वेगळाच विषय आहे: समोरचं पात्र चार मिनिटं काय करत उभं राहणार? बहुतेक हौशी प्रयोग तिथेच लटकतात. ऐकणाऱ्याला काम द्या. पत्र घडी करायला, उठून खिडकीशी जायला. आणि गाणाऱ्याला ताना मोजून द्या, कारण प्रयोगाच्या दिवशी त्या आपोआप दुप्पट होतात.

वन्स मोअर घ्यायचा की नाही, तेही तालमीतच ठरवा. आम्ही दोन पदांना परवानगी देतो, बाकीच्यांना नमस्कार. सत्राची वेळ उलटली तर जादा भाडं पडतं आणि ते शेवटी कुणाच्या तरी खिशातून जातं.

नेपथ्य, कपडे, माईक

नेपथ्यावर पैसे उधळू नका. काळे पडदे, दोन लेव्हल, एक आसन, एक झोपाळा पुरतो. कपडेपट भाड्याने घ्या, पण मापं आठवडाभर आधी देऊन एकदा घालून पाहा. जरीचा अंगरखा घालून दम टिकतो का, तेही तेव्हाच कळतं.

वाचलेले पैसे ध्वनीवर लावा. गाणाऱ्याला ऑर्गन ऐकू येईल असा मॉनिटर विंगेत हवाच. मैदानात प्रयोग असेल तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, तेव्हा पडदा साडेसहालाच वर जाऊ द्या.

चार आठवडे आधी: तिकिटं

प्रत्येक सभासदाला क्रमांक टाकलेली वीस तिकिटं द्या आणि वहीत सही घ्या. दर रविवारी पैसे आणि उरलेली तिकिटं परत मागवा. ‘पैसे नंतर देतो’ म्हणून दिलेली तिकिटं निम्मी बुडतात. फुकट पास शक्यतो नाहीच, नातेवाइकांनाही नाही.

तिकीट आणि देणगी यांची गल्लत करू नका. तिकिटाच्या बदल्यात प्रेक्षक नाटक पाहतो, म्हणून ती रक्कम देणगी ठरत नाही. ज्याला जास्त द्यायचं आहे त्याने थेट संस्थेच्या खात्यात द्यावं आणि संस्थेची पावती घ्यावी. संस्थेकडे देणगीवर करसवलत मिळवून देणारी (८०जीची) मान्यता असेल तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, हे आधीच सांगा.

प्रयोगाचा दिवस आणि नंतरचे आठ दिवस

रंगीत तालीम आदल्या दिवशी नको, दोन दिवस आधी घ्या. गळ्याला एक दिवस विश्रांती लागते. प्रयोगाच्या दिवशी तिसरी घंटा वेळेवर द्या. मध्यंतरात भाषणं एकच, तेही संस्थेच्या माणसाचं, पाच मिनिटांचं. सत्कार, शाली, नारळ सगळे काढून टाका. दोन अंकांच्या मध्ये पाच जणांचा सत्कार झाला की दुसरा अंक थंड प्रेक्षकांपुढे सुरू होतो.

आठ दिवसांत हिशेब पुरा करा. विकलेली तिकिटं, परत आलेली तिकिटं, जमा आणि खर्च एका पानावर मांडून सभासद, जाहिरातदार आणि संस्था तिघांनाही पाठवा. धनादेश संस्थेच्या नावाने, कुणा पदाधिकाऱ्याच्या नावाने नव्हे. आणि कपडेपट परत करताना पगड्या मोजून घ्या. दर वेळी एक कमी भरते, आणि ती बहुतेक तबलेवाल्याच्या पेटीत सापडते.