महागड्या गेमिंग पीसीचा आवाज सुधारताना

दीड-दोन लाखांचं ग्राफिक्स कार्ड, २४० हर्ट्झचा मॉनिटर, आणि आवाज मात्र कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून तीन हजारांच्या हेडसेटला. असे सेटअप सर्रास दिसतात. सुधारणा करायची म्हटलं की पहिली उडी नव्या हेडफोनवर पडते, आणि मग त्या चांगल्या हेडफोनमध्ये जुनीच खरखर आणखी स्वच्छ ऐकू येते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी खरखर कुठून येते ते शोधून घालवा, मग हेडफोन निवडा, त्याला पुरेल एवढा ॲम्प (हेडफोनला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) घ्या आणि सेटिंगला सगळ्यात शेवटी हात लावा.

खरखर शोधणं

या कामाला पैसे लागत नाहीत, तासभर वेळ लागतो. आधी हेडफोन बाजूला ठेवा आणि एखाद्या गेमचा मेनू उघडा. मेनूत फ्रेम रेट (सेकंदाला तयार होणारी चित्रं) तीन-चारशेच्या घरात जातो. त्या वेळी कॅबिनेटमधून बारीक चिरका आवाज येत असेल तर ती कॉइल व्हाइन. कार्डावरच्या कॉइल प्रत्यक्ष थरथरतात, त्याचा हा आवाज. तो हवेतून कानात येतो, त्यामुळे कितीही महाग डॅक (पीसीच्या डिजिटल डेटाचा आवाज करणारं उपकरण) घेतला तरी जाणार नाही. फ्रेम रेटला मर्यादा घाला, तो चिरका आवाज बहुतेक वेळा बराच कमी होतो.

आता हेडफोन घाला. काहीही वाजत नसताना माउस गोल फिरवा, ब्राउझरमधलं लांब पान वरखाली सरकवा. माउसच्या चालीबरोबर चिरचिर बदलत असेल तर ती कॅबिनेटच्या आतली विजेची खरखर आहे. यात बहुतेकदा दोषी असते पुढच्या पॅनलची वायर. मदरबोर्डच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या ऑडिओ हेडरपासून निघून ती ग्राफिक्स कार्डाच्या खालून पुढच्या जॅकपर्यंत जाते, आणि ४५० वॅट ओढणाऱ्या कार्डाच्या शेजारून जाताना सगळी घाण उचलते. जॅक मागच्या हिरव्या पोर्टला लावून बघा. खरखर गेली तर अर्धं काम फुकटात झालं. मागेही तशीच असेल तर आवाजाचं काम कॅबिनेटबाहेरच्या डॅककडे देण्याची वेळ आली.

तिसरा प्रकार वेगळा. माउसशी संबंध नसलेली, सलग, जाड गुणगुण. ती बहुतेक करून ॲक्टिव्ह (आतच ॲम्प असलेले) स्पीकर जोडल्यावर येते. हा ग्राउंड लूप. पीसी आणि स्पीकर वेगवेगळ्या वाटांनी अर्थला जोडलेले असतात, आणि दोघांच्या मधल्या ऑडिओ केबलच्या शिल्डमधून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरत राहतो. पीसीला जोडलेली टीव्हीची एचडीएमआय आणि लॅन केबल एकेक करून काढून बघा. टीव्हीला डिशची केबल असेल तर लूप तिथूनच घरात शिरलेला असण्याची शक्यता मोठी. पीसी, मॉनिटर, डॅक आणि स्पीकर एकाच बोर्डवरून चालवा. तरीही गुणगुण राहिली तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये २-३ व्होल्टच्या आत. तिथे १०-१५ व्होल्ट दिसले तर दोष घराच्या वायरिंगमध्ये आहे. जुन्या चाळी आणि इमारतींमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थची वायरच नसते, हेही बघून घ्या. गुणगुण घालवायला प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो कधीही ऐकू नका. पॉवर सप्लायमध्ये बिघाड झाला तर कॅबिनेटच्या पत्र्यात करंट उतरतो, आणि त्याला जायला उरते ती फक्त तुमची वाट.

वायरिंग ठीक असूनही गुणगुण असेल तर तीन उपाय आहेत. मदरबोर्डला ऑप्टिकल पोर्ट असेल तर डॅक त्यावर चालवा. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे लूप तिथेच तुटतो. दुसरा उपाय म्हणजे लाइन-आउट आणि स्पीकर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर. स्वस्तातले आयसोलेटर खालचा बास खातात, आणि ॲम्प-हेडफोनच्या मध्ये तर ते लावूच नयेत. तिसरा यूएसबी आयसोलेटर. इथे फसगत होते ती वेगाची. स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटचा, म्हणजे यूएसबीचा जुना वेग देतात. अनेक डॅक त्यावर २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंतच चालतात, काही तर ओळखलेच जात नाहीत. घेण्याआधी ४८० मेगाबिट लिहिलंय का ते वाचा.

साउंड कार्ड की बाहेरचा डॅक

आतलं साउंड कार्ड वाईट नसतं. क्रिएटिव्हचं एई-७ किंवा एई-९ आजही चांगलं वाजतं. अडचण जागेची आहे. मोठी ग्राफिक्स कार्डं तीन-साडेतीन स्लॉट अडवतात, उरलेला स्लॉट नेमका त्यांच्या पंख्यांच्या तोंडाशी येतो. तिथे साउंड कार्ड बसवलं की ग्राफिक्स कार्डाची हवा कोंडते, तापमान चढतं, पंखे जोरात फिरतात आणि खोलीतला आवाज वाढतो. म्हणून अशा मशीनला बाहेरचा यूएसबी डॅक-ॲम्पच योग्य. तो मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला थेट लावा. वेबकॅम आणि एक्स्टर्नल एसएसडी लावलेल्या हबवर तो टाकला की आवाज मध्येच टकटकतो, आणि लोक दोष डॅकला देतात.

लक्षात ठेवण्याजोगं एक: बहुतेक डॅक-ॲम्पना माइकचा जॅक नसतो. एकाच पिनेचा हेडसेट वापरत असाल तर माइकची सोय आधी करा.

हेडफोन आणि ताकदीचा हिशेब

स्पर्धात्मक गेमसाठी ओपन-बॅक हेडफोन घ्यावा, हे ठाम मत. कपाची मागची बाजू उघडी असल्याने आवाज डोक्यात कोंबल्यासारखा वाटत नाही, डावी-उजवी आणि लांबी-जवळीक स्पष्ट होते. त्याची किंमतही मोजावी लागते: पंख्याचा, रस्त्याचा, शेजारच्या मिक्सरचा आवाज सरळ आत येतो. खोली गोंगाटाची असेल तर मुकाट्याने क्लोज्ड-बॅक घ्या.

ॲम्प किती ताकदीचा हवा, हे जाहिरातीवरून ठरवू नका, गणित सोपं आहे. बेयरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो घ्या: इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) २५० ओहम, १ मिलिवॅटला ९६ डेसिबल. स्फोटासारख्या शिखरांसाठी १०८ डेसिबलची सोय धरू. म्हणजे १२ डेसिबल जास्त, म्हणजे ताकद सोळा पट, १६ मिलिवॅट. २५० ओहममध्ये त्यासाठी २ व्होल्ट लागतात, प्रवाह मात्र फक्त ८ मिलिॲम्पिअर. आता हायफायमॅनचा सुंदारा बघा: ३७ ओहम, ९४ डेसिबल. तेवढ्याच आवाजाला २५ मिलिवॅट, म्हणजे १ व्होल्टहून किंचित कमी, पण प्रवाह २६ मिलिॲम्पिअर. पहिल्याला व्होल्टेज हवं, दुसऱ्याला करंट. १ व्होल्ट देणाऱ्या छोट्या डोंगलवर (बोटाएवढ्या डॅकवर) डीटी ९९० प्रो १०२ डेसिबलपर्यंतच पोहोचेल. ॲपलच्या डोंगलमध्ये तर अमेरिकेतला १ व्होल्ट देतो आणि युरोपातला निम्माच, तेव्हा परदेशातून कोणी आणून देणार असेल तर कुठून आणलाय ते विचारा.

दुसरा आकडा ॲम्पच्या आउटपुट इम्पिडन्सचा. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहम किंवा कमी. जास्त असला तर अनेक हेडफोनचा बास फुगतो आणि सैल पडतो. गेनचं (ॲम्प आवाज किती पट वाढवतो त्याचं) बटण आधी खालच्या टप्प्यावर ठेवा. व्हॉल्यूमची खुंटी अर्ध्याच्या पुढे जाऊनही आवाज कमी वाटला तरच वरचा टप्पा. कमी इम्पिडन्सच्या हेडफोनवर वरचा गेन ठेवला की खुंटी जरा हलली तरी कान बसतात, आणि सुरुवातीच्या टप्प्यात डावी-उजवी बाजूही सारखी वाजत नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून ॲम्प मागवत असाल तर अडॅप्टरवरचे इनपुट व्होल्ट वाचल्याशिवाय प्लग लावू नका. १०० ते २४० लिहिलेलं असेल तर चालेल. ट्रान्सफॉर्मरच्या वजनदार अडॅप्टरवर अनेकदा फक्त ११५ किंवा १२० असतं, तो आपल्या २३० वर जळेल. तेवढ्याच आउटपुटचा अडॅप्टर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शोधता येतो, पण आउटपुट एसी आहे की डीसी हे जुळवून मगच घ्या.

विंडोज आणि गेममधली सेटिंग

डॅक लावल्यावर मोअर साउंड सेटिंग्ज उघडा. प्लेबॅकच्या यादीत मॉनिटरचं एचडीएमआय आउटपुट दिसेल, ते बंद करा. नाहीतर ड्रायव्हर अपडेट झाला की विंडोज आवाज परस्पर मॉनिटरला देऊन मोकळं होतं. डॅकच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ निवडा. गेमचे आवाज साधारण ४८ किलोहर्ट्झचेच असतात, १९२ ठेवून काही मिळत नाही. एन्हान्समेंट सगळी बंद. कम्युनिकेशन्स टॅबमध्ये ‘डू नथिंग’ निवडा. मूळ सेटिंगमध्ये कॉल आला की विंडोज बाकीचा आवाज ८० टक्क्यांनी खाली आणतं, आणि नेमकं भर सामन्यात पावलं ऐकू येईनाशी होतात.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते दुहेरी प्रक्रियेने. दोन कानांना दिशा कळते ती आवाजाच्या वेळेतल्या आणि पोतातल्या बारीक फरकावरून. एचआरटीएफ तोच फरक गणिताने तयार करतं. काउंटर-स्ट्राइक २ हे स्वतः करतं, व्हॅलोरंटमध्ये त्याचा वेगळा पर्याय आहे. अशा गेमवर विंडोज सॉनिक, डॉल्बी ॲटमॉस किंवा हेडसेटचं ७.१ (भोवती अनेक स्पीकर असल्याचा भास देणाऱ्या सोयी) चढवलं की एकदा मिसळलेल्या आवाजावर पुन्हा तेच गणित होतं. पावलं मागे आहेत की पुढे, याचा पत्ताच लागत नाही. गेममध्ये स्वतःची सोय असेल तर बाहेरचं सगळं बंद, विंडोज साध्या स्टिरिओवर. गेम ५.१ किंवा ७.१ काढतो पण हेडफोनसाठी काही करत नाही, तेव्हा सॉनिक किंवा ॲटमॉस यातलं एकच सुरू करा. लाउडनेस इक्वलायझेशनचा मोह टाळा. त्याने लांबची पावलं मोठी होतात हे खरं, पण जवळची आणि लांबची सारखीच वाजायला लागतात.

आवाजाचे पट्टे वर-खाली करणारा इक्वलायझर एपीओ हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि ‘पीस’ (Peace) या जोडप्रोग्रॅमच्या पडद्यामुळे वापरायला सोपा. बसवताना डॅकवर टिक करा, मशीन पुन्हा सुरू करा. डीटी ९९० प्रो ८ किलोहर्ट्झच्या आसपास टोचतो. तिथे पीक फिल्टर (ठरावीक पट्टाच वर-खाली करणारा) लावून ४ ते ६ डेसिबल खाली आणा, क्यू (तो पट्टा किती अरुंद, त्याचा आकडा) २ ते ३. नेमकी जागा कानागणिक थोडी सरकते, म्हणून ६ ते १० किलोहर्ट्झमधला टोन हळूहळू सरकवून जिथे सगळ्यात जास्त टोचतं तो आकडा घ्या. कुठे काही वाढवलं असेल तर प्रीॲम्प (एपीओमधली एकूण पातळी) तेवढाच उणे करा: ५ डेसिबल वाढवले तर प्रीॲम्प उणे ५. हे विसरलं की मोठ्या आवाजाला फाटल्यासारखी खरखर होते आणि पुन्हा डॅकवर संशय येतो. ड्रायव्हर अपडेटनंतर एपीओ गप्प पडलं तर कॉन्फिगरेटरमध्ये डॅक पुन्हा निवडा.

आवाज मधूनमधून टक-टक तुटत असेल तर लेटन्सीमॉन हा तपासणी प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवा. कुठला ड्रायव्हर अडवतोय ते तो नावानिशी सांगतो. बहुतेकदा नेटवर्क किंवा ग्राफिक्सचा निघतो.

ब्लूटूथ गेमसाठी नकोच. माइक सुरू झाला की अनेक हेडसेट फोनवरच्या बोलण्याच्या दर्जावर उतरतात, दोन्ही कानांना एकच आवाज येतो, आणि साध्या एसबीसीवर (ब्लूटूथच्या मूळ आवाज-पद्धतीवर) १५०-२०० मिलिसेकंदांचा उशीर होतो. वायर नकोच असेल तर २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलचा हेडसेट घ्या.

माइक

डोक्यावर छताचा पंखा फिरत असेल तर टेबलावर ठेवलेला कंडेन्सर माइक घेऊ नका. तो पंखा, कीबोर्ड आणि खिडकीबाहेरचा हॉर्न, सगळं उचलतो. यूएसबीवर चालणारा डायनॅमिक माइक, बूम आर्मवर, ओठांपासून ५ ते ८ सेंटिमीटरवर, समोर न ठेवता किंचित बाजूला. मोठ्याने बोलल्यावर पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन. ८० ते १०० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर) लावला की पंख्याची घरघर जाते. शुअरच्या एसएम७बीसारख्या माइकला सुमारे ६० डेसिबल गेन लागतो. साध्या इंटरफेसवर तो फुसका वाजतो, तेव्हा नुसतं नाव बघून घेऊ नका.

वीज आणि पावसाळा

लाइट जाणाऱ्या भागात यूपीएस लागतोच. ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच्या आसपास देतो, अशा मशीनला तो गेम चालू असताना पुरत नाही. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प गुरगुरतो, त्याला शुद्ध साइन वेव्हच लागते.

आणि कोकण, मुंबई, गोव्याच्या दमट हवेत रेक्झिनचे इअरपॅड दोन-तीन पावसाळ्यांत सोलून निघतात, काळे कपचे कानाला चिकटतात. मखमली पॅड टिकतात आणि काढून धुता येतात. पूर्ण वाळवल्याशिवाय मात्र परत बसवू नका. जून ते सप्टेंबर हेडफोन डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसोबत ठेवा. जेल रंग बदलणारं घेतलंत, तर ते ओलं झालंय हे रंगावरूनच कळतं.