राणीच्या बागेत विज्ञान सहल कशी घ्यावी

शाळेच्या सहलीत सर्वाधिक वेळा उच्चारले जाणारे वाक्य ‘पुढे चला, पुढे चला’ हे असते. निसर्ग आणि विज्ञान शिकवण्यासाठी काढलेल्या सहलीत हे वाक्य जितके कमी ऐकू येईल तितकी ती सहल चांगली झाली असे समजावे. भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली राणीची बाग, १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. तिथे देशोदेशींची शेकडो झाडे आहेत आणि शिवाय प्राणिसंग्रहालय आहे. हे सगळे एका दिवसात दाखवण्याचा मोह शिक्षकांना होतो. तो टाळून तीन-चार झाडे ठरवावीत, प्रत्येकासाठी अर्धा तास राखून ठेवावा आणि मुलांना स्वतः मोजता येईल, हुंगता येईल, भिंगातून पाहता येईल असे काम द्यावे. पुढील सूचना इयत्ता पाचवी ते आठवीच्या वर्गांना धरून लिहिल्या आहेत. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये किंवा नागपूरच्या महाराजबागेतही थोडे फेरफार करून त्या वापरता येतील.

आधीची तयारी

शिक्षकाने सहलीपूर्वी आठवडाभर आधी एकट्याने बागेत जाऊन यावे. कोणते झाड फुलावर आहे, कुठे डागडुजीमुळे वाट बंद आहे, स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी कुठे आहे, पन्नास मुले सावलीत बसून डबा खाऊ शकतील अशी जागा कोणती, या गोष्टी कोणत्याही नकाशावरून नीट कळत नाहीत. त्याच फेरीत उद्यान कार्यालयात शाळेचे पत्र देऊन परवानगी घ्यावी आणि प्रवेशाची वेळ व शुल्क विचारून घ्यावे. बाग दर बुधवारी बंद असते. हे ठाऊक नसल्यामुळे प्रवेशद्वारावरून परत फिरणाऱ्या बसगाड्या अजूनही दिसतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

दिवस निवडताना डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. हवा बरी असते, वार्षिक परीक्षा अजून लांब असते आणि काटेसावरीसारखी झाडे पाने गाळून फुलू लागलेली असतात. पावसाळ्यात शेवाळ, नेचे, गोगलगायी आणि अळंब्या पाहायला मिळतात हे खरे, पण फांद्या पडण्याची भीती असते आणि वह्या भिजतात. लहान वर्गांना पावसाळ्यात न्यायचेच असेल, तर शाळेजवळच्या छोट्या बागेत न्यावे.

दर दहा-बारा मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी. पालकांचे लेखी संमतिपत्र, मुलांच्या ॲलर्जींची यादी, प्रथमोपचार पेटी आणि जलसंजीवनीची पाकिटे ही नेहमीची तयारी झाली. मधमाश्यांची पोळी असलेल्या झाडांखाली अत्तर लावून जाऊ नये आणि तिथे गोंगाट करू नये, हे मुलांबरोबरच सोबत येणाऱ्या पालकांनाही सांगावे लागते. मध्य रेल्वेच्या भायखळा स्थानकातून पूर्वेला उतरल्यावर बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे मोठ्या वर्गांना लोकलने नेणे बसपेक्षा सोयीचे पडते. फक्त गर्दीची वेळ टाळावी.

प्रत्येक गटाला पाच मीटरची मोजपट्टी, दहापट मोठे दाखवणारे भिंग, सावलीतले आणि डांबरी वाटेवरचे तापमान घ्यायला तापमापी, दोरा, खोडरबर, मेणखडू, काही कोरे कागद आणि पुठ्ठ्याची पाटी द्यावी. छापील प्रश्नपत्रिका देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ‘दहा झाडांची नावे लिहा’ असा प्रश्न हातात पडला, की मुले झाडाकडे न पाहता खोडावरच्या नामपट्टीकडे धावतात आणि दहावे नाव लिहून झाले की त्यांच्या दृष्टीने सहल संपते. नामपट्टी सर्वांत शेवटी वाचावी, असा नियमच करावा.

पहिले काम: पिशवी बांधणे

बागेत शिरल्यावर लगेच करायचे एक काम आहे, कारण त्याचे उत्तर मिळायला दीड-दोन तास लागतात. उद्यान कर्मचाऱ्यांना विचारून, उन्हात असलेल्या आणि हाताला सहज लागेल अशा एका पानांच्या फांदीवर पारदर्शक पिशवी चढवून तिचे तोंड दोऱ्याने घट्ट बांधावे. तशीच दुसरी पिशवी शेजारच्या वाळक्या काटकीवर बांधावी. जाताना पाहिले तर पहिल्या पिशवीत आतून पाण्याचे थेंब साचलेले असतात, दुसरी जवळजवळ कोरडी असते. बाष्पोच्छ्वास, म्हणजे पानांतून पाणी वाफ होऊन बाहेर पडणे, हा शब्द पाठ्यपुस्तकात आलेला असतोच, पण वाळक्या काटकीवरची पिशवी नसेल तर ‘हे पाणी हवेतले असेल’ या शंकेला उत्तर देता येत नाही. ती शंका मुलांनी काढेपर्यंत आपण थांबावे. कुणीतरी काढतेच. दोन्ही पिशव्या सोडवून परत न्याव्यात.

कैलासपतीपाशी अर्धा तास

या बागेत एकच झाड दाखवायचे ठरवले तर मी कैलासपती दाखवीन. मूळचे दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले हे झाड आपल्याकडे शंकराच्या देवळांजवळही लावलेले दिसते. त्याची फुले पानांच्या शेंड्याला येत नाहीत. खोडातूनच लोंबणाऱ्या जाड, वेड्यावाकड्या डहाळ्यांवर ती येतात. खोडावर फुले-फळे येणारे आणखी कोणते झाड पाहिले आहे, असे विचारावे. कोकणातली मुले लगेच फणस म्हणतात, देशावरची उंबर म्हणतात. ही आठवण त्यांची त्यांना होऊ द्यावी.

झाडाखाली सकाळी ताजी फुले पडलेली असतात, त्यामुळे एकही फूल तोडावे लागत नाही. ती उचलण्यापूर्वी वर पाहावे. या झाडाची तोफगोळ्याएवढी फळे चांगलीच जड असतात आणि पिकली की आपोआप गळतात, म्हणून फळांखाली मुलांना बसवू नये. फुले गोळा करून दहा पावले बाजूला यावे आणि प्रत्येक गटाला एक फूल द्यावे. प्रथम सर्वांनी वास घ्यावा. मग जाड, मांसल पाकळ्या मोजून एकेक बाजूला काढावी. आत दोन भाग दिसतात: मध्यभागी आखूड पुंकेसरांचे दाट कडे आणि त्याच्या एका कडेतून निघून नागाच्या फण्यासारखी वर वळलेली पट्टी, तिच्याही टोकाशी पुंकेसरांची झालर. शिवलिंगावर नागाने फणा धरल्याचा भास होतो तो यामुळेच.

आता प्रश्न विचारावा, की एकाच फुलात दोन प्रकारचे पुंकेसर कशासाठी? भिंगातून दोन्ही ठिकाणचे परागकण बोटावर घेऊन पाहावेत. या फुलात मध नसतो. भुंग्यासारख्या मोठ्या माश्या इथे परागच खायला येतात. फण्यावरचे पराग हे त्यांचे खाद्य असते आणि त्यांच्यापासून बी तयार होत नाही. माशी ते गोळा करत असताना मधल्या कड्यातले परागकण तिच्या अंगाला चिकटतात आणि ती पुढच्या फुलावर गेली की बी धरण्याचे काम ते करतात. हे स्पष्टीकरण आधी देऊन टाकले तर फूल उघडण्यात काही मजा राहत नाही. सहावीची मुले सुमारे दहा मिनिटे निरनिराळे तर्क लढवतात, त्यातले बरेच चुकीचे असतात, आणि ते सगळे वहीत लिहून घेण्यासारखे असतात.

उंची मोजणे

झाडाची उंची मोजण्यासाठी न चढता करता येणारी सर्वांत सोपी युक्ती चौकोनी कागदाची आहे. चौरस कागद कर्णावर दुमडला की दोन समान भुजांचा काटकोन त्रिकोण मिळतो. एक आडवी आणि एक उभी भुजा राहील अशा रीतीने तो डोळ्याशी धरावा आणि तिरप्या कडेवरून वर पाहावे. उभी कड खरोखर उभी आहे की नाही हे कळण्यासाठी दोऱ्याला खोडरबर बांधून ओळंबा करावा आणि तो त्या कडेला लोंबत ठेवावा. नेम धरणारे मूल मागे मागे सरकत जाते आणि झाडाचा शेंडा तिरप्या कडेच्या रेषेत आला की थांबते. त्या जागेपासून खोडापर्यंतचे अंतर आणि त्याच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची यांची बेरीज म्हणजे झाडाची उंची. अंतर १४ मीटर आणि डोळ्यांची उंची १.२५ मीटर असेल, तर झाड १५.२५ मीटर उंच. मागे सरकणाऱ्या मुलाचा हात धरायला एक सोबती हवाच, नाहीतर सायकल-स्टँडवर आपटणे ठरलेले.

पाच गटांची पाच उत्तरे येतात आणि दोन उत्तरांत दोन-तीन मीटरचा फरकही पडतो. लगेच ‘बरोबर कोणाचे?’ असा आग्रह सुरू होतो. शिक्षकाने निकाल देऊ नये. पाचही आकडे लिहून, जमीन उताराची होती का, ओळंबा हलत होता का, झाड तिरके वाढले आहे का, याची चर्चा करावी आणि सरासरी शाळेत काढावी.

घेर मोजण्यासाठी गोरखचिंच उत्तम. आफ्रिकेतून आलेल्या या झाडाचे फुगीर खोड पाणी साठवते आणि कोरड्या ऋतूत ते पाने टाकून उभे असते. आधी ते किती मुलांच्या कवेत मावते ते पाहावे, मग जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजपट्टी फिरवावी. आपल्याकडे वनखात्यातही घेर याच उंचीवर मोजतात, कारण बुंध्याशी खोड पसरलेले असते. आठवीच्या मुलांनी परिघाला ३.१४ ने भागून व्यास काढावा. घेरावरून वय काढण्याच्या फंदात मात्र पडू नये. जाती, पाणी आणि माती यांप्रमाणे वाढीचा वेग इतका बदलतो की येणारा आकडा निव्वळ अंदाज असतो आणि मुले तो खरा मानून घरी सांगतात.

खोडावरचे डाग आणि घरातले दगडफूल

जुन्या झाडांच्या सालीवर करडे-हिरवट चट्टे असतात. मुलांना तो रोग वाटतो. शिक्षकाने घरून गोड्या मसाल्यात पडणारे चिमूटभर दगडफूल आणावे आणि भिंगाखाली ते व खोडावरचा चट्टा शेजारी शेजारी पाहायला लावावे. दोन्ही शैवाक आहेत, म्हणजे शैवाल आणि बुरशी यांनी मिळून केलेला संसार. पण मसाल्यातले पानासारखे सुटे आणि कुरळे असते, तर शहरातल्या झाडावरचे बहुधा सालीला रंगासारखे चिकटलेले. धुरातल्या सल्फर डायऑक्साइडसारख्या वायूंपुढे पानासारखी शैवाके सहसा कमी टिकतात आणि नाहीशी होतात. बागेच्या रस्त्याकडील बाजूची झाडे आणि आतली झाडे अशी तुलना करून कागदाच्या एका चौकटीत किती चट्टे येतात ते मोजायला सांगावे. या कामाला वीस मिनिटे पुरतात.

प्राणी आणि दगडी हत्ती

प्राण्यांचा विषय टाळता येत नाही. ‘आधी काम, शेवटी पेंग्विन’ असे सकाळीच जाहीर करावे आणि शब्द पाळावा. राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन २०१६ साली आले. ते पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे आहेत, बर्फाळ अंटार्क्टिकाचे नव्हेत. तिथे किनारा कोरडा आणि समुद्राचा प्रवाह थंड असतो. कक्षात बर्फ का नाही, हा एकच प्रश्न देऊन आत पाठवले तर मुले काचेवर नाक टेकवण्यापलीकडे काही पाहतात.

डबा खाऊन झाल्यावर डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा असलेला दगडी हत्ती पाहावा. घारापुरी बेटावरून आणलेला हाच तो हत्ती, ज्याच्यावरून त्या बेटाला एलिफंटा हे नाव पडले. तुटलेले तुकडे जोडून १९१४ साली तो इथे उभा केला. सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा बनला आहे त्याच दगडाचा तो आहे आणि हा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. भूगोलाचा हा धडा पाच मिनिटांत आटोपतो.

शाळेत परतल्यावर

दुसऱ्याच दिवशी दोन तासिका राखून ठेवाव्यात, कारण आठवडा गेला की वहीतल्या नोंदी मुलांनाच वाचता येत नाहीत. उंचीच्या सरासऱ्या, सावलीतले आणि डांबरी वाटेवरचे तापमान, शैवाकांच्या मोजण्या फळ्यावर मांडून आलेख काढावेत. कैलासपतीविषयीचे चुकलेले तर्कही फळ्यावर लिहावेत आणि प्रत्येक तर्क कोणत्या निरीक्षणामुळे बाद झाला ते मुलांकडूनच वदवून घ्यावे. पडलेली पाने वाळवून चिकटवायची असतील, तर ती आणण्याची परवानगी आदल्या फेरीतच मागितलेली असावी. उद्यानातल्या माळीकाकांनी काही सांगितले असेल तर त्यांना मुलांनी पत्र लिहावे, आणि त्या पत्रात सुटलेल्या प्रश्नांपैकी एक तरी प्रश्न विचारावा.