लेझर-कट किटमधून बागेतल्या रेल्वेचा लाकडी डबा कसा बांधावा

बागेत रूळ टाकून चालवायच्या छोट्या मॉडेल रेल्वेचा डबा शोकेसमध्ये बसून राहणार नसतो. त्याला दव लागतं, ऊन लागतं, आणि मातीवर टाकलेले रूळ कुठे ना कुठे खचलेले असतातच. लेझरने कापाकापीचं काम उरकलेलं असतं, पण ओलावा आणि खाली-वर झालेले रूळ यांचा बंदोबस्त आपल्यालाच करावा लागतो. म्हणून इथे दिलेला क्रम किटबरोबरच्या पत्रकांपेक्षा थोडा वेगळा वाटेल. आधी चाकं, मग भिंती, मग छप्पर. सीलर (लाकडात ओलावा शिरू न देणारा लेप) आणि ब्रश मात्र पहिल्यापासून हाताशी.

किट घेण्याआधी

रुळांची रुंदी, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर किंवा गेज, जुळली म्हणजे डबा जुळला असं होत नाही. ४५ मिमीच्या एकाच रुळावर वेगवेगळ्या प्रमाणांच्या, म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा कमी-जास्त पट लहान केलेल्या, गाड्या धावतात. खरी गाडी १,४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजची असेल तर प्रमाण १:३२ येतं, मीटर गेजची असेल तर साधारण १:२२.५ आणि तीन फुटी गेजची असेल तर १:२०.३. ३२ मिमीच्या रुळावर दोन फुटी गेजच्या गाड्या चालवतात, त्यांचं प्रमाण १:१९ म्हणजे फुटाला १६ मिमी. फरक किती पडतो ते बघा: पावणेदोन मीटर उंचीचा माणूस १:१९ मध्ये ९२ मिमीचा होतो, १:३२ मध्ये जेमतेम ५५ मिमीचा. त्यामुळे आपल्या इंजिनाचं प्रमाण काय आहे ते आधी पक्कं करा आणि मगच डबा निवडा.

वळणंही मोजून घ्या. एलजीबी या बागेतल्या रेल्वेच्या जर्मन ब्रँडचं सगळ्यात आखूड वळण ६०० मिमी त्रिज्येचं आहे. एवढ्या वळणावर लांब डब्याची चाकं पायऱ्यांना किंवा चौकटीला घासतात. वळणं आखूड असतील तर आखूड डबाच घ्यावा. तो दिसतोही छान.

लाकडात निवड असेल तर बर्च प्लायवूड घ्या. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) कापायला सोपं आणि दिसायला गुळगुळीत असलं तरी त्याच्या कडेतून पाणी शिरलं की ते फुगतं आणि पुन्हा जाग्यावर येत नाही. किट एमडीएफचंच असेल तर प्रत्येक कडेला सीलरचे दोन-तीन हात द्यावेत. घासताना मास्क लावावाच, ती धूळ फार बारीक असते.

भाग सुटे करणं

सगळे भाग एकदम पत्र्यातून, म्हणजे ज्या लाकडी फळीत ते कापलेले असतात तिच्यातून, काढू नका. लागतील तसे काढा आणि काढण्याआधी मागच्या बाजूला पेन्सिलीने क्रमांक लिहा. डावी आणि उजवी भिंत बऱ्याचदा इतक्या सारख्या असतात की नंतर ओळखू येत नाहीत.

भाग पत्र्याला बारीक पुलांनी धरलेले असतात. ते पिळून तोडले तर प्लायचा वरचा थर चिरफाळतो. कटरला नवं पातं लावा, पुलावर एका बाजूने हलकी रेघ मारा, पत्रा उलटा करा, दुसऱ्या बाजूने कापा.

आता कडेकडे बघा. लेझर लाकूड जाळत जातो, त्यामुळे कड तपकिरी-काळी असते. ती काजळी बोटांना लागते, बोटांवरून फिक्या लाकडावर जाते आणि जळलेल्या थरावर गोंदही नीट धरत नाही. २४० नंबरचा पॉलिश पेपर सपाट ठोकळ्यावर गुंडाळून कडेवरून एक-दोनदा फिरवा आणि थांबा. खाचा आणि त्यात बसणारे दात नेमक्या मापाने कापलेले असतात. काळा रंग पूर्ण जाईपर्यंत घासत बसलात तर सांधा ढिला होतो. दिसणारी कड नंतर रंगाखाली जाणारच आहे.

आधी तळ आणि चाकं

बहुतेक पत्रकं भिंतींपासून सुरुवात करतात, कारण त्यात लवकर काहीतरी उभं राहिलेलं दिसतं. माझ्या मते ही चूक आहे. डबा रुळावरून उतरत असेल तर त्याचं नक्षीकाम कोणी बघत नाही.

तळाची फळी आणि तिच्या खालच्या लांब पट्ट्या जोडा. काचेवर किंवा एखाद्या पक्क्या सपाट फरशीवर वजन ठेवून रात्रभर सुकू द्या. गोंद लाकडाचा, पण पाण्याला टिकणारा हवा. युरोपीय मानक ईएन २०४ मध्ये गोंदांचे डी१ ते डी४ असे वर्ग आहेत, त्यांतला बाहेरच्या हवेसाठी डी४.

मग बोगी, म्हणजे तळाखाली फिरणारी चार चाकांची जोडणी. खचलेल्या रुळांवर चारही कोपरे टेकवायचे तर दोन्ही बोगी सारख्या घट्ट बसवून चालत नाही. एक बोगी अशी बसवा की ती वळू शकेल, पुढे-मागे झुकू शकेल, पण डावी-उजवीकडे डुलणार नाही. दुसऱ्या बोगीच्या बोल्टवर वॉशर घालून थोडी जास्त जागा सोडा, म्हणजे ती सगळीकडे झुकेल. तिपाई कशाही जमिनीवर डुगडुगत नाही, तसा डबा मग तीन टेकूंवर उभा राहतो. बोल्टाला लॉकनट लावा. साधा नट धक्क्यांनी सुटतो.

चाकं धातूची घ्यावीत. वजन खाली राहतं आणि रूळही कमी मळतात. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर कॅलिपरने तपासा: ४५ मिमी रुळासाठी साधारण ४० मिमी, ३२ मिमीसाठी साधारण २८. रुळांतून वीज जात असेल तर एका आसावरची चाकं एकमेकांपासून विद्युतरोधक हवीत, नाहीतर शॉर्ट होईल. वाफेच्या किंवा बॅटरीच्या इंजिनाला हा प्रश्न नाही.

कप्लिंगची, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्याची, उंची आपल्या इंजिनाला लावून आत्ताच ठरवा. मग तळावर थोडं वजन ठेवून तो पूर्ण मार्गावर फिरवा, ओढूनही आणि ढकलूनही. दोष असतील तर ढकलताना दिसतात. हे जमेपर्यंत भिंतींना हात लावू नये.

भिंती

भिंत सहसा दोन थरांची असते. आतला जाड, बाहेरचा पातळ, ज्यावर पॅनेल आणि पट्ट्या कापलेल्या असतात. पातळ प्लायवर ओला गोंद लागला की ती लगेच वळायला लागते. म्हणून गोंद जाड थरावर पातळ पसरावा, बाहेरचा थर खिडक्यांच्या कडा जुळवून ठेवावा आणि लगेच दोन सपाट फळ्यांमध्ये दाबून टाकावा. मध्ये बेकिंग पेपर घाला, नाहीतर फळीही चिकटेल. खिडकीच्या कोपऱ्यात बाहेर आलेला गोंद ओला असतानाच टोकदार काडीने काढा.

डबा रंगवायचा नसेल, लाकडी छटाच ठेवायची असेल, तर लाकडाचा रंग गोंद लावण्यापूर्वीच द्या. गोंद लागलेल्या जागी तो मुरत नाही आणि वॉर्निशखाली फिकट डाग कायमचा राहतो.

आता सीलर, आणि तोही दोन्ही बाजूंना. फक्त बाहेरून रंगवलेली भिंत आतून ओलावा ओढते आणि काही दिवसांत तिला बाक येतो. आतल्या भिंती, बाकं, पडद्या सगळं डबा मिटण्याआधी रंगवून घ्या, नंतर ब्रश आत जात नाही.

चारही भिंती एकदा गोंदाशिवाय जुळवून बघा, मग चिकटवा. कोपऱ्यात गुण्या लावा आणि वरून दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले की डबा काटकोनात आहे. रबर बँड घालून सुकू द्या. तळाच्या कोपऱ्यांत दोन बारीक भोकं पाडून ठेवा, आत गेलेलं पाणी निघून जातं.

छप्पर

हाच भाग लोकांना घाबरवतो. छपराची पातळ प्लाय डब्याच्या लांबीत सहज वाकत नसेल पण रुंदीत वाकत असेल तर तिच्या वरच्या थराच्या रेषा लांबीच्या दिशेने आहेत, आणि त्या तशाच हव्यात. प्लाय गरम पाण्यात थोडा वेळ भिजवा, हव्या त्या गोलाईपेक्षा किंचित लहान व्यासाच्या पाइपवर गुंडाळा, कापडी पट्ट्यांनी बांधा आणि पूर्ण वाळू द्या. सोडल्यावर ती थोडी उघडते, म्हणून लहान व्यास. ओल्या लाकडावर गोंद लावायची घाई नको.

वरून पातळ सुती कापड पातळ केलेल्या गोंदात बसवलं तर जुन्या डब्यांवरच्या कॅनव्हाससारखं दिसतं आणि सांधेही झाकले जातात. छप्पर कायमचं चिकटवू नका. छोट्या चुंबकांवर बसवा, म्हणजे आतली बाकं किंवा दिवे दुरुस्त करता येतात.

रंग, काचा, वजन

प्रायमर, हलकं घासणं, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात. खिडक्यांच्या काचा सगळ्यात शेवटी आणि इन्स्टंट ग्लूने कधीही नाही. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी झाक चढते, ती पुसून जात नाही. सुकल्यावर पारदर्शक होणारा गोंद वापरा. दांड्या आणि मुठी मात्र एपॉक्सीने.

लाकडी डबा हलका असतो. लांब गाडीत वळणावर हलके डबे आतल्या बाजूला ओढले जाऊन उलटतात. बाकांखाली, बोगींच्या बरोबर वर शिशाच्या किंवा लोखंडाच्या पट्ट्या चिकटवा आणि गाडीतल्या सगळ्या डब्यांचं वजन साधारण सारखं ठेवा. एखादा हलका राहिलाच तर तो शेवटी जोडा. गाडी फिरून आली की डबे पुसा आणि पूर्ण सुकल्यावरच डब्यांच्या खोक्यात ठेवा. झाकणबंद प्लास्टिकच्या खोक्यात ओला डबा ठेवलात तर सीलरचाही उपयोग होत नाही.